आईचे धावणे : उत्साह आणि व्यवस्था

(महिलांच्या आरोग्यविषयक व्याख्यानमालेतील एका भाषणाचा मजकूर)

माता आणि बालक यांच्या आरोग्याविषयी शासकीय व सामाजिक व्यासपीठांवरून आजवर पुष्कळ बोलले गेले आहे. गरोदरपणातील आहार, सुरक्षित प्रसूती, स्तनपान, बाळाचे लसीकरण हे विषय आता घरोघरी परिचित झाले आहेत. तथापि या साऱ्या विचारात माता डोळ्यांपुढे असते ती बहुधा बालकाच्या संदर्भात. बालक शाळेत जाऊ लागले की तिच्या प्रकृतीची विचारपूस थांबते. पुढे वीस-पंचवीस वर्षे तीच स्त्री घर चालविते, अनेकदा नोकरी करते, वडीलधाऱ्यांची सेवा करते; पण या काळात तिचे स्वतःचे शरीर कसे राहावे, याचा विचार क्वचितच होतो. आजचा विषय त्या वर्षांचा आहे, आणि त्यातही एका साध्या गोष्टीचा : आईने धावावे कसे आणि ते टिकवावे कसे.

पणजीस कांपाल-मिरामारच्या बाजूला, मडगाव-म्हापशाच्या मैदानांवर, बेळगावच्या किल्ला तलावाकाठी किंवा बडोद्याच्या कमाटी बागेत सकाळच्या प्रहरी फेरफटका मारला तर चालणाऱ्या आणि धावणाऱ्या स्त्रिया आता दृष्टीस पडतात. ही समाधानाची बाब आहे. परंतु त्यांत लहान मुलांच्या आया थोड्या, आणि ज्या येतात त्यांतील अनेकींचे येणे काही महिन्यांत बंद होते. जानेवारीत मोठ्या उमेदीने आणलेले बूट जूनच्या पहिल्या पावसात माळ्यावर जातात. याचे कारण विचारले असता उत्तर ठरलेले असते : जिद्द कमी पडली, आळस झाला.

हे उत्तर अन्यायाचे आहे. जी स्त्री पहाटे पाचला उठून नळाचे पाणी भरते, दोन डबे करते, मुलाची वेणी-फणी आणि दप्तर पाहते आणि नऊच्या बसने कामावर जाते, तिच्या ठिकाणी जिद्द नाही असे कोणी म्हणू नये. तिच्यापाशी कमी असते ती दुसरीच एक गोष्ट. तो अर्धा तास आपल्या हक्काचा आहे, असे तिला वाटत नाही. घरापासून चोरून घेतलेल्या वेळेत धावणाऱ्या माणसाचे लक्ष पायांकडे नसते, घड्याळाकडे असते. अशा मनःस्थितीत उत्साह फार दिवस टिकत नाही, आणि तो न टिकल्याचा दोष मात्र ती स्वतःकडे घेते.

या संकोचाची मुळे जुनी आहेत. १९२८ साली अॅम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी ८०० मीटरची शर्यत प्रथम ठेवण्यात आली. शर्यतीअखेर धावपटू दमल्या, जशा पुरुषांच्या शर्यतीतही दमतात. परंतु वृत्तपत्रांनी त्याचे भडक वर्णन केले आणि हे अंतर स्त्रीदेहाला झेपणारे नाही असा निर्णय झाला. त्यानंतर १९६० च्या रोम ऑलिंपिकपर्यंत ही शर्यत स्त्रियांना बंद राहिली. मॅरेथॉन तर त्यांना १९८४ साली, लॉस एंजलिस येथे मिळाली. स्त्री धावली तर तिच्या मातृत्वास बाध येईल, ही समजूत या विलंबामागे होती. आपल्याकडेही ‘धावल्याने अंग बाहेर येते’ अशी भीती वडीलधाऱ्या स्त्रिया अजून घालतात. निरोगी स्त्रीच्या बाबतीत या भीतीला आधार नाही. प्रसूतीनंतर योग्य काळ न थांबता धावण्यात मात्र धोका आहे; त्याचा विचार पुढे येईल.

मातृत्व आणि धावणे यांचा प्रश्न जगापुढे ठळकपणे आला तो १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये. हॉलंडच्या फॅनी ब्लँकर्स-कोएन या त्या वेळी तीस वर्षांच्या आणि दोन मुलांच्या आई होत्या. १९३६ साली बर्लिनला अठराव्या वर्षी त्यांनी भाग घेतला होता. पुढील दोन्ही ऑलिंपिक महायुद्धामुळे झालीच नाहीत. त्या काळात विवाह झाला, मुले झाली, देश जर्मनांच्या ताब्यात गेला आणि अन्नाची टंचाई झाली. या परिस्थितीतही त्यांनी सराव पूर्णपणे सोडला नाही. मुलांना बरोबर घेऊन त्या मैदानावर जात. आई धावत असे आणि मुले लांब उडीच्या वाळूत खेळत असत. त्यांचे पती यान ब्लँकर्स हेच त्यांचे प्रशिक्षक होते.

लंडनला निघण्यापूर्वी त्यांना टीकेची पत्रे आली. या वयात तोकड्या वस्त्रांत धावण्यापेक्षा घरी राहून मुले सांभाळावीत, असा त्यांचा आशय होता. लंडनमध्ये त्यांनी १०० मीटर, ८० मीटर अडथळ्यांची शर्यत, २०० मीटर आणि ४ x १०० मीटर रिले अशी चार सुवर्णपदके मिळविली. उंच उडी आणि लांब उडी यांचे जागतिक उच्चांकही त्या वेळी त्यांच्याच नावावर होते. पण तीनच वैयक्तिक स्पर्धांत भाग घेण्याची मर्यादा असल्याने त्या उड्यांत उतरल्या नाहीत. पुढे १९९९ साली आंतरराष्ट्रीय अॅथलेटिक्स महासंघाने शतकातील सर्वश्रेष्ठ महिला धावपटू म्हणून त्यांचा गौरव केला.

या कथेतील पदकांपेक्षा एक लहानसा प्रसंग आजच्या विषयाला अधिक उपयोगी आहे. दोन सुवर्णपदके मिळाल्यानंतर, २०० मीटरच्या उपान्त्य फेरीपूर्वी, त्या खचल्या. मुलांची आठवण अनावर झाली, डोळ्यांना पाणी आले आणि स्पर्धा सोडून घरी जावे असे त्यांना वाटले. पतीने समजूत घातली. त्या धावल्या आणि अंतिम शर्यत त्यांनी ०.७ सेकंदाच्या मोठ्या फरकाने जिंकली. दोन सुवर्णपदके मिळविलेल्या स्त्रीचाही उत्साह एका दुपारी पूर्णपणे ओसरला होता, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या दुपारी उपयोगी पडली ती वर्षानुवर्षांची घडी : पाठीशी उभा राहणारा जोडीदार, मुलांची झालेली सोय आणि अंगवळणी पडलेला सराव.

पुढील काळातील उदाहरणेही हेच सांगतात. नॉर्वेच्या इंग्रिड क्रिस्टियनसेन यांना ऑगस्ट १९८३ मध्ये पुत्र झाला. १९८५ साली लंडन येथे त्यांनी २ तास २१ मिनिटे ६ सेकंद या वेळेत मॅरेथॉनचा जागतिक उच्चांक केला. नॉर्वेच्या बर्फाळ हिवाळ्यात त्या घरातल्या ट्रेडमिलवर धावण्याचा सराव करीत. आपल्या पी. टी. उषा यांनी १९९१ साली विवाह केला, १९९२ साली त्यांना पुत्र झाला, आणि पतीच्या प्रोत्साहनाने त्या पुन्हा धावपट्टीवर उतरल्या. १९९८ साली फुकुओका येथील आशियाई अॅथलेटिक्स स्पर्धेत, चौतीस वर्षांच्या वयात, त्यांनी रिलेच्या सुवर्णपदकासह चार पदके मिळविली. केनियाच्या फेथ किप्येगॉन यांना २०१८ साली कन्या झाली. त्यानंतर २०२१ आणि २०२४ या दोन्ही ऑलिंपिकमध्ये १५०० मीटरचे सुवर्णपदक त्यांनीच जिंकले.

ही उदाहरणे सामान्य गृहिणीला दिपवून टाकण्यासाठी दिलेली नाहीत. तिला उच्चांक करावयाचा नाही. तिला पन्नाशीत जिना चढताना दम लागू नये, साठीत गुडघ्याला हात लावून उठावे लागू नये, आणि मधुमेह व रक्तदाब यांना शक्य तितके दूर ठेवावे, एवढीच तिची अपेक्षा आहे. गरोदरपणात ज्यांना मधुमेह झाला होता, त्यांना पुढील आयुष्यात तो होण्याचा संभव अधिक असतो; त्यांच्यासाठी तर नियमित व्यायाम ही गरजच आहे. प्रसूतीनंतर मनाला येणारी उदासीनताही नियमित हालचालीने हलकी होते, असे वैद्यकशास्त्र सांगते.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो : घरातले काम हाच बायकांचा व्यायाम, वेगळा कशाला? घरकामात श्रम आहेत आणि शरीराची हालचालही आहे, यात शंका नाही. परंतु ओट्याशी उभे राहणे, वाकणे, उचलणे या कामांत बहुधा पाठ आणि खांदे शिणतात. हृदय आणि फुप्फुसे यांना सलग वीस मिनिटे जोमाने काम करण्याची संधी त्यांत क्वचितच मिळते. शिवाय घरकामाने थकवा येतो आणि मन मात्र कामातच अडकून राहते. धावण्याने थकवा येतो आणि मन मोकळे होते. जिने दोन्ही अनुभवले आहे, तिला हा फरक सांगावा लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा, अथवा ७५ ते १५० मिनिटे जोमाचा व्यायाम करावा. शिवाय दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत. गरोदर आणि बाळंत झालेल्या स्त्रियांनीही, वैद्यकीय हरकत नसल्यास, आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा असे त्यांत म्हटले आहे. हे आकडे ऐकताना मोठे वाटतात. प्रत्यक्षात त्यांचा अर्थ आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चालणे, किंवा तीन दिवस पंचवीस मिनिटे धावणे, एवढाच आहे.

प्रसूतीनंतर धावण्याची घाई करू नये. बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती देण्याची आपली जुनी पद्धत शहाणपणाची आहे; सहाव्या आठवड्याच्या सुमारास होणाऱ्या वैद्यकीय तपासणीशीही ती जुळते. अडचण त्यापुढे आहे. सव्वा महिन्यानंतर डिंकाचे आणि अळिवाचे लाडू संपतात, आणि शरीर पूर्ववत झाले असे सर्वजण धरून चालतात. वस्तुतः ओटीपोटाच्या तळाशी गर्भाशय आणि मूत्राशय यांना आधार देणारे स्नायू ताणलेले असतात, पोटाचे स्नायू मध्यरेषेवर विलग झालेले असतात, आणि त्यांना सावरायला अवधी लागतो. म्हणून प्रसूतीनंतर निदान तीन महिने धावू नये. शस्त्रक्रियेने प्रसूती झाली असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने आणखी थांबावे.

हा काळ वाया घालविण्याचा मात्र नाही. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळले जातात, ते बसल्या जागी काही सेकंद आवळून सैल सोडावेत. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा करावे. बाळाला पाजतानाही हे करता येते. त्याच्या जोडीला रोजचे चालणे हळूहळू वाढवावे. धावताना किंवा खोकताना लघवीचे थेंब जाणे, ओटीपोटात जडपणा वाटणे, दुखणे वा रक्तस्राव होणे, यांपैकी काहीही आढळल्यास धावणे थांबवून डॉक्टरांकडे जावे. पुष्कळ स्त्रिया ही तक्रार लाजेने सांगत नाहीत आणि धावणेच कायमचे सोडून देतात. ही तक्रार सामान्य आहे आणि बहुतेक वेळा योग्य व्यायामाने बरी होते, हे प्रत्येक आईला कळले पाहिजे.

अंगावर पाजणाऱ्या आईने धावू नये, दूध आटते, असाही एक समज आहे. बेताच्या व्यायामाने दूध कमी होत नाही आणि त्याचा कसही घटत नाही. धावायला जाण्यापूर्वी बाळाला पाजावे, म्हणजे आईलाही हलके वाटते. आणि पाणी पुरेसे प्यावे.

सुरुवात कशी करावी? पहिले काही आठवडे अर्धा तास नुसते चालावे. ते सहज जमू लागले की एक मिनिट धावावे आणि दोन मिनिटे चालावे, असे वीस मिनिटे, आठवड्यातून तीन दिवस करावे. दर आठवड्या-दोन आठवड्यांनी धावण्याचा वेळ थोडा वाढवावा. वेग इतकाच ठेवावा की सोबतिणीशी एखादे वाक्य न अडखळता बोलता यावे. समुद्रकिनारी धावणाऱ्यांनी भुसभुशीत वाळू टाळावी. ओहोटीच्या वेळी पाण्यालगतची घट्ट ओली वाळू पायांना सोयीची असते. वस्त्र सैल आणि सोयीचे असावे.

पायांइतकेच रक्ताकडेही लक्ष हवे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. धावायला लागल्यावर दम लागतो, डोके हलके होते आणि आपल्याला हे जमणार नाही असे वाटते; अशा वेळी उणीव मनोबलाची नसून रक्तातील लोहाची असण्याचा संभव असतो. आरंभी एकदा हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्यावी. नाचणी, चवळी, कुळीथ, तीळ, हिरव्या पालेभाज्या, आणि खाणाऱ्यांसाठी मासळी आहारात असावी. वर लिंबू पिळावे. जेवणाला लागून चहा घेऊ नये, त्याने लोह अंगी लागण्यात अडथळा येतो. सर्वांना वाढून उरले ते आपण खाण्याची सवय आईने सोडावी, हेही येथे स्पष्ट सांगितले पाहिजे.

आता मुख्य प्रश्न : हे सारे टिकवायचे कसे? पहिली गोष्ट म्हणजे दिवस आणि वेळ ठरवून ती घरातल्या सर्वांना सांगणे. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सहा ते साडेसहा ही आईची वेळ, असे दिनदर्शिकेवर लिहिले की ती मुलाच्या शिकवणीइतकी खरी होते. त्या अर्ध्या तासात मूल उठले तर कोणी पाहायचे, दूध कोणी तापवायचे, हे आदल्या रात्री ठरलेले असावे. दुसरी गोष्ट सोबत. शेजारची एक जण फाटकाशी वाट पाहत उभी आहे, एवढ्याच कारणाने पुष्कळ सकाळी अंथरूण सुटते. अंधाऱ्या रस्त्यावर धीरही येतो.

तिसरी गोष्ट खंड पडण्याविषयी. मुलाला ताप येतो, परीक्षा येतात, चवथीला घर पाहुण्यांनी भरते, आषाढात पाऊस चार-चार दिवस उघडत नाही. अशा वेळी नेम मोडतोच. दोन आठवडे न धावलेल्या स्त्रीने आपण हरलो असे मानू नये. मागे जेथे सोडले त्याच्या थोडे अलीकडून पुन्हा सुरुवात करावी. पावसाळ्यात घराचा जिना, इमारतीचा आच्छादित भाग किंवा शाळेचा व्हरांडा उपयोगी पडतो. अर्ध्या तासाऐवजी दहा मिनिटेच मिळाली, तर दहा मिनिटे धावावे. वजनाच्या काट्यावर मात्र फार विसंबू नये. काटा अनेकदा हलत नाही आणि मन खट्टू करतो. पूर्वी तीनदा थांबून चढावी लागणारी चढण आता एका दमात चढता येते, यावरून प्रगती जोखावी.

चौथी गोष्ट कुटुंबाकडे आणि समाजाकडे येते. २०१४ च्या सुमारास बारामती येथे लता भगवान करे या साठी उलटलेल्या कष्टकरी स्त्रीने नऊवारी साडीत, अनवाणी पायांनी ज्येष्ठांच्या शर्यतीत पहिला क्रमांक मिळविला. पतीच्या तपासण्यांसाठी पैसे हवे होते, म्हणून त्या धावल्या. त्यांच्या आयुष्यावर मराठी चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतः काम केले, आणि २०२१ साली जाहीर झालेल्या ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला. साऱ्या महाराष्ट्राने त्यांचे कौतुक केले आणि ते रास्तच होते. परंतु या कौतुकाचा थोडा शोध घ्यावा. स्त्री पतीसाठी धावली, मुलांसाठी धावली, तर समाजाचे डोळे भरून येतात. तीच स्त्री स्वतःच्या प्रकृतीसाठी रोज अर्धा तास धावू लागली, तर ‘घरात कामे नाहीत का?’ असे विचारले जाते. १९४८ साली हॉलंडमध्ये टपालाने आलेला प्रश्न आज आपल्या गल्लीत तोंडी विचारला जातो, एवढाच फरक.

या प्रश्नाचे उत्तर एकट्या आईने द्यावे अशी अपेक्षा करणे योग्य नाही. सकाळचा चहा स्वतः करून घेणारा पती, ‘जाऊन ये, मी बाळाजवळ बसते’ असे म्हणणारी सासू, आणि आईचे बूट कोठे आहेत हे ठाऊक असलेला दहा वर्षांचा मुलगा, ही तिघे मिळून जे करतात ते कोणत्याही उपदेशाने होत नाही. त्याचप्रमाणे गावातील मैदान पहाटे उघडे असणे, वाटेवर दिवे असणे, कुत्र्यांचा बंदोबस्त आणि स्वच्छतागृहाची सोय असणे, टवाळखोरांना आळा असणे, ही पंचायत, नगरपालिका आणि शासन यांची जबाबदारी आहे. गोव्यात २०२३ साली ३७ व्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धा झाल्या. त्या निमित्ताने सज्ज झालेल्या मैदानांवर सकाळच्या वेळी आया धावताना दिसू लागल्या, तर त्या खर्चाचे चीज झाले असे म्हणता येईल.

उपस्थित माताभगिनींनी आज घरी गेल्यावर एकच गोष्ट करावी. येत्या आठवड्यातील तीन दिवस आणि त्यांची वेळ कागदावर लिहून तो कागद स्वयंपाकघरात, सर्वांना दिसेल असा लावावा. आणि येथे आलेल्या पुरुषमंडळींनी त्या कागदाच्या खाली, त्या अर्ध्या तासात घरातले कोणते काम आपण करणार, ते लिहून आपले नाव घालावे.